पायाळू जन्मला, डावा हात कायमचा अधू झाला, तरी जर्मनीचा बादशहा बनला : कैसर विल्हेल्मची कहाणी

पहिल्या महायुद्धाचं नाव निघालं की जर्मनीच्या कैसरचं नाव निघतंच. वर वळवलेल्या टोकदार मिशा, छातीभर बिल्ले, डोक्यावर टोकाचं शिरस्त्राण. असा त्याचा फोटो शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण त्या फोटोतला डावा हात कुणी नीट पाहिलाय का? तो हात कधी तलवारीच्या मुठीवर टेकलेला असतो, कधी कोटाच्या खिशात, कधी अंगरख्याआड. बोटांत हातमोजा धरलेला असतो. सहज उभा असल्यासारखा वाटतो, पण त्यात सहज काहीच नव्हतं. तो हात उजव्यापेक्षा साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर आखूड होता. खांद्यातून तो धड उचलता येत नव्हता. आणि ही गोष्ट सगळ्या जगापासून लपवायची, हे एका बादशहाचं आयुष्यभराचं काम होऊन बसलं होतं.

ही कहाणी सुरू होते बर्लिनमध्ये, २७ जानेवारी १८५९ च्या दिवशी.

विल्हेल्मची आई व्हिक्टोरिया. घरात तिला व्हिकी म्हणत. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची ती थोरली लेक. राणी व्हिक्टोरिया म्हणजे तीच, जिच्या नावाचा राणीछाप रुपया आपल्याकडे आजी-पणजींच्या पेटीत जपून ठेवलेला असायचा. व्हिकीचं लग्न १७ व्या वर्षी प्रशियाच्या राजपुत्राशी, फ्रेडरिकशी झालं, आणि वर्षभरात पहिलं बाळंतपण आलं. तेव्हा तिचं वय १८. परका मुलूख, सासर राजघराण्याचं, आणि पोटात गादीचा वारस. इंग्लंडहून आईनं डॉक्टर पाठवला, सुईण पाठवली. बर्लिनचेही डॉक्टर होतेच. म्हणजे माणसांची काही कमी नव्हती.

पण मूल आडलं. डोक्याकडून यायचं ते कुल्ल्याकडून येत होतं. गावाकडे ज्याला पायाळू म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पायाळू माणसावर वीज पडते, पाठीत उसण भरली तर पायाळूचा पाय लावला की जाते, असं बरंच काही आपल्याकडे बोललं जातं. त्यात तथ्य नाही. पण पायाळू बाळंतपण अवघड असतं, हे मात्र शंभर टक्के खरं. डोकं सगळ्यांत मोठं, आणि तेच शेवटी बाहेर यायचं. त्यात बाळाचे हात डोक्यावर गेले तर वाट आणखी अडते. विल्हेल्मचे हात तसेच वर गेले होते.

बर्लिनमध्ये अवघड बाळंतपणाचा सगळ्यांत जाणकार डॉक्टर होता एडुआर्ड मार्टिन. त्याला बोलवायची चिठ्ठी लिहिली गेली. पण ती माणसाकरवी हातोहात पाठवायच्या ऐवजी टपालात पडली. मार्टिन पोचेपर्यंत कित्येक तास गेले होते. राजवाड्यातही असा घोळ होतो म्हणायचा! तो आला तेव्हा आई थकून गेली होती, बाळाच्या नाळेचे ठोके मंद झाले होते. क्लोरोफॉर्मची गुंगी देऊन मार्टिननं हात घातला, डोक्यावर गेलेला डावा हात खाली ओढला, मग बाळ फिरवून बाहेर काढलं. जोर लावावाच लागला. बाळ निपचित होतं, रडत नव्हतं. चोळून, थापट्या मारून बऱ्याच वेळानं त्यानं टाहो फोडला. तोवर आईकडेही बघायचं होतं. दोघंही वाचली.

बाहेर तोफांची सलामी झडली. बर्लिनकरांनी जल्लोष केला. राणी व्हिक्टोरियाला पहिलं नातवंड झालं होतं, तीही खूश.

त्या गडबडीत डाव्या हाताकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. तीन-चार दिवसांनी लक्षात आलं की बाळ एकच हात हलवतंय. डावा हात खांद्यापासून लोंबकळतोय. दरबारच्या डॉक्टरांनी धीर दिला की हे तात्पुरतं आहे, मालिश करू, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवू, होईल बरं.

ते झालं नाही.

हातात दोष नव्हता, दोष होता मानेत

विल्हेल्मच्या हाताचं हाड मोडलं नव्हतं. हाताच्या स्नायूंनाही थेट मार लागला नव्हता. मग हात का गेला? हे समजायला शेतातल्या मोटारीचं उदाहरण घ्यावं. विहिरीत पाणी आहे, मोटार चांगली आहे, पाईपही चांगला आहे. पण खांबावरून येणारी वायर मधेच तुटली, तर मोटार काय करणार? हाताचंही तसंच आहे. हाताच्या वायरी, म्हणजे नसा, मानेच्या मणक्यांतून निघतात. मानेच्या प्रत्येक बाजूनं पाच मोठ्या नसा येतात. त्या मानेच्या खालच्या भागात एकमेकींत मिसळतात, पुन्हा वेगळ्या होतात, कॉलरबोनच्या मागून काखेत उतरतात आणि तिथून सगळ्या हातभर पसरतात. नसांच्या या गुंत्याला डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात.

यातल्या वरच्या दोन नसा खांदा उचलायचं आणि कोपर वाकवायचं काम बघतात. दंडाची बेटकुळी फुगते ती याच नसांच्या जोरावर. खालच्या नसा बोटांची पकड सांभाळतात. मधल्या नसा कोपर सरळ करायला, मनगट वर उचलायला लागतात. कोपराला टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती याच जाळ्यातून आलेली एक नस. तिथे ती हाडावर अगदी कातडीखालीच असते, म्हणून एवढी झोंबते.

आता बाळाचं डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, तर मधल्या नसांवर ताण येतो. वरच्या नसांवर सगळ्यांत जास्त. नुसता ताण असेल तर नस काही दिवसांत, काही आठवड्यांत आपोआप सावरते. तुटली तर सांधावी लागते. आणि मणक्यातल्या मज्जारज्जूपासून मुळासकट उपटली गेली, तर ती परत तिथे जोडता येत नाही. रोप मुळासकट उपटल्यासारखंच. विल्हेल्मच्या बाबतीत इजा मोठी होती. बोटांत थोडी पकड उरली, पण खांदा आणि कोपर जवळजवळ कायमचे गेले. स्नायूला नसेची आज्ञा मिळाली नाही की तो वाळतो. आणि स्नायूची ओढ नसेल तर वाढत्या वयात हाडही पुरेसं वाढत नाही. म्हणून त्याचा हात आखूड राहिला.

यातलं काही १८५९ साली राजवाड्यातल्या डॉक्टरांना नीट ठाऊक नव्हतं. फ्रान्समध्ये दुशेन नावाच्या डॉक्टरनं १८७२ साली बाळंतपणातल्या या इजेचं वर्णन केलं. १८७४ साली जर्मनीतल्याच हायडलबर्गच्या विल्हेल्म एर्बनं वरच्या दोन नसांवर नेमकं बोट ठेवलं. आज जगभर या दुखण्याला एर्बचा पक्षाघात म्हणतात. तेव्हा राजपुत्र १५ वर्षांचा झाला होता. त्याच्या देशातच उत्तर सापडलं, पण त्याच्या उपयोगाचं नव्हतं. नस सांधायची सूक्ष्म शस्त्रक्रिया तर त्यानंतर कित्येक दशकांनी आली.

सशाच्या पोटात हात

उत्तर माहीत नसलं की उपाय वाढतात. विल्हेल्मवर जे उपाय झाले ते वाचताना आज अंगावर काटा येतो.

तो सहा महिन्यांचा असताना डॉक्टरांनी जनावराच्या उबेचा उपचार सुरू केला. ताजा मारलेला ससा फाडायचा आणि त्याच्या गरम पोटात बाळाचा अधू हात अर्धा तास ठेवायचा. आठवड्यातून दोनदा. रानातल्या जनावराची ऊब आणि ताकद हातात उतरेल, ही कल्पना. हे कुठल्या भगताकडे नाही, तर युरोपच्या सगळ्यांत शिकलेल्या दरबारी डॉक्टरांकडून चाललं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. व्हिकीला हा प्रकार किळसवाणा वाटायचा, पण लेकराचा हात परत येईल या आशेवर ती गप्प राहिली. कुठल्याही आईनं तेच केलं असतं.

पोरगं चालायला लागलं तेव्हा चांगला, उजवा हात अंगाला बांधून टाकायचे. म्हणजे ते नाइलाजानं डावा वापरेल. डावा हलतच नव्हता. मग पोरगं तोल जाऊन पडायचं, आणि पडताना सावरायला एकही हात मोकळा नसायचा. पुढे विजेचे झटके सुरू झाले. हात ताणायचं यंत्र आलं. मग मानेचा एक स्नायू आखडून डोकं एका बाजूला कलायला लागलं, तर त्यासाठी लोखंडी पट्टी आली. कंबरेला पट्टा, पाठीवरून वर जाणारा लोखंडी दांडा आणि त्याला अडकवलेलं डोकं. चार वर्षांच्या पोराला हे रोज तासभर बांधायचे. शेवटी मानेच्या स्नायूवर शस्त्रक्रिया करावी लागली. मान सरळ झाली, तेवढं मात्र खरं. हात होता तसाच राहिला.

व्हिकी या सगळ्याची हकीकत इंग्लंडला आईला पत्रातून कळवत राहिली. त्या पत्रांत माया आहे, अपराधी भावनाही आहे, आणि खोटं कशाला बोलायचं, लाजही आहे. सैन्यावर उभ्या असलेल्या राज्याचा वारस आणि एका हातानं अधू! लोक काय म्हणतील, हा विचार तिला सोडत नव्हता. तिला पुढे आणखी सात मुलं झाली. पण या थोरल्याच्या हाताकडे बघितलं की तिच्या पोटात कालवायचं, आणि पोरालाही ते दिसत असणार.

रिकिबीशिवाय घोडा

प्रशियाचा राजा म्हणजे पहिला शिपाईगडी. घोड्यावर बसता आलं नाही तर गादीवर बसून उपयोग काय, अशी तिथली रीत. आणि घोड्यावर तोल सांभाळायला दोन हात लागतात.

१८६६ साली त्याला हिन्झपेटर नावाचा मास्तर नेमला गेला. अतिशय कडक माणूस, कौतुकाचा शब्द नाही. घोडेस्वारीबद्दल त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. आठ-साडेआठ वर्षांचं पोरगं, रडत असलेलं, रिकिबीशिवाय घोड्यावर बसवायचं. पडलं की उचलून परत वर. पुन्हा पडलं, पुन्हा वर. रडणं-विनवण्या कशाचीच दाद घ्यायची नाही. आठवडेच्या आठवडे हे चाललं, आणि एक दिवस पोरगं पडलं नाही. ही हकीकत मास्तरनं आपली फुशारकी म्हणून थोडी वाढवून लिहिली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. पण विल्हेल्म तयार घोडेस्वार झाला, यात वाद नाही. गुडघ्यांच्या पकडीवर तोल सांभाळायला तो शिकला. १८८५ साली त्याच्या हाताखाली घोडदळाची पलटण दिली गेली.

पुढे तर तो एका हातानं पोहायचा, होडी वल्हवायचा, शिकारीत हलकी बंदूक एका हातानं पेलून नेम धरायचा. उजवा हात एवढा तयार झाला होता की हस्तांदोलनात समोरच्याची बोटं चुरगळायचा. त्यातही खोड अशी की बोटांतल्या अंगठ्या मुद्दाम आतल्या बाजूला फिरवून ठेवायच्या, म्हणजे समोरचा कळवळला पाहिजे. जेवायला त्याच्यासाठी खास हत्यार बनवलं होतं. काटा आणि सुरी एकातच, एका हातानं कापायचं आणि त्यानंच उचलायचं. लिहायच्या टेबलापुढे खुर्ची नव्हती, खोगिराचं बैठं होतं. कपडे शिवताना डावी बाही आखूड, खिसा जरा वर. फोटोवाल्यांना कुठल्या बाजूनं फोटो काढायचा ते माहीत असायचं.

यातला अर्धा भाग जिद्दीचा आहे, त्याला दाद द्यावीच लागेल. अर्धा भाग लपवाछपवीचा. सतत कुणीतरी बघतंय, कुणीतरी हसतंय, असं ज्याला वाटतं तो माणूस मोठ्यानं बोलतो, छाती फुगवून चालतो, दिवसातून चार वेळा गणवेश बदलतो. विल्हेल्म हे सगळं करायचा.

१८८८ साल जर्मनीला तीन बादशहांचं साल म्हणून लक्षात आहे. मार्चमध्ये ९० वर्षांचा आजा गेला. बाप फ्रेडरिक गादीवर आला तो घशाचा कॅन्सर घेऊनच. ९९ दिवसांत तोही गेला. १५ जूनला विल्हेल्म बादशहा झाला, वय २९. बापाच्या आजारात इंग्रज डॉक्टर मेकेन्झीचा सल्ला घेतला होता. इंग्रज डॉक्टरांनीच आपला हात आणि आपला बाप घालवला, असा राग विल्हेल्मनं मनात धरला, असं सांगतात. हाताच्या बाबतीत हा आरोप खरा नव्हता. बाळंतपणात बाळ ओढून काढणारा मार्टिन जर्मन होता, आणि त्यानं ओढलं नसतं तर बाळ आणि आई दोन्ही गेले असते. चिठ्ठी वेळेवर पोचली असती तर कदाचित एवढा जोर लावावाच लागला नसता. पण चिठ्ठीवर कुणी राग धरत नाही.

आजीच्या उशाशी

या माणसाच्या आयुष्यातला एक प्रसंग मात्र वेगळाच आहे. जानेवारी १९०१. राणी व्हिक्टोरिया इंग्लंडमधल्या ऑसबोर्नच्या वाड्यात शेवटच्या घटका मोजत होती. विल्हेल्मच्या मामा-मावशांना तो तिथे यायला नको होता. भांडखोर, बडबड्या म्हणून त्याचं नाव झालं होतं. तो तरीही सगळं सोडून गेला. आणि तिथे तो अगदी गप्प राहिला.

२२ जानेवारीला आजीला श्वास घ्यायला त्रास होत होता, म्हणून तिला टेकवून बसतं धरायचं होतं. एका बाजूनं तिचा डॉक्टर रीड गुडघे टेकून होता. दुसऱ्या बाजूनं विल्हेल्मनं आपला उजवा हात तिच्या पाठीमागे घातला. अडीच तास. दुसरा कुणीही असता तर हात भरून आल्यावर हात बदलला असता. त्याला बदलायला दुसरा हात नव्हता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास राणी गेली, तोवर त्यानं हात काढला नाही. ज्यांना तो नको होता, त्या नातेवाइकांचंही मन त्या दिवशी हललं.

त्याची आई व्हिकी तेव्हा जर्मनीत स्वतः कॅन्सरनं अंथरुणाला खिळली होती. आईला शेवटचं भेटताही आलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली. मायलेकांचं पुरतं कधी जुळलंच नव्हतं.

त्या हातानं महायुद्ध घडवलं का?

विल्हेल्मनं गादीवर आल्यावर दोन वर्षांत बिस्मार्कसारख्या मुरलेल्या पंतप्रधानाला घरी बसवलं. इंग्लंडच्या तोडीचं आरमार उभं करायला घेतलं. भाषणांत कधी काय बोलेल याचा नेम नव्हता. १९०८ साली एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्याची मुलाखत छापून आली, तेव्हा इंग्लंडही चिडलं आणि खुद्द जर्मनीही. १९१४ ला युद्ध पेटलं. चार वर्षांत ९० लाखांच्या वर सैनिक मेले.

त्या युद्धात भारतातून दहा लाखांवर माणसं परदेशी गेली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूतच्या वेढ्यात महिनोन्‌महिने अडकल्या, शेवटी घोड्याचं मांस खाऊन दिवस काढले, आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद झाल्या. साताऱ्याकडे, कोकणात काही गावांत अजून दगडी पाट्या दिसतात, या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके परत आले नाहीत. ज्या बादशहाच्या विरोधात ते गेले, त्याचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून युरोपात एक प्रश्न वर्षानुवर्षं चघळला गेला. बाळंतपणात हात दुखावला नसता तर हा माणूस वेगळा झाला असता का, आणि युद्ध टळलं असतं का? एमिल लुडविग या चरित्रकारानं १९२० च्या दशकात सगळं त्या हातावर बेतलं. हात अधू म्हणून मनात न्यूनगंड, न्यूनगंड म्हणून अरेरावी. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की हात अधू असणं वेगळं आणि त्यापायी आईनं माया आखडती घेणं वेगळं. पोराचं मन मोडलं असेल तर ते दुसऱ्या गोष्टीनं. पुढे आईची पत्रं बाहेर आली, त्यात ती फ्रॉइडला वाटली तेवढी कोरडी दिसत नाही. जन्मताना श्वास उशिरा आला म्हणून मेंदूलाच थोडी इजा झाली असावी, असंही काहींनी मांडलं. ते सिद्ध करायला आता काही मार्ग नाही.

एका हातावर महायुद्धाचं खापर फोडणं जरा अतीच होतं. युद्ध अनेक देशांच्या हावरेपणातून आणि भीतीतून आलं. आणि अधू हाताची हजारो माणसं मुकाट्यानं शेती करतात, दुकान चालवतात, ती कुणावर चाल करून जात नाहीत. पण लहानपणी चार वर्षांच्या पोराला लोखंडात बांधून, रडलं तरी घोड्यावर चढवून जे शिकवलं गेलं, ते पुढे त्याच्यासोबत गादीवर बसलं नसेल, असंही म्हणवत नाही.

आज असं मूल जन्मलं तर

विल्हेल्मची इजा इतिहासजमा झालेली नाही. आजही हजार बाळंतपणांत एखाद-दोन बाळांना ती होते. पायाळूमध्ये होते, तशी मोठ्या वजनाच्या बाळाचं डोकं बाहेर येऊन खांदा अडकला तरी होते. त्यात दर वेळी कुणाची चूक असतेच असं नाही.

ओळख सोपी आहे. बाळ दचकलं की दोन्ही हात झटकन वर उचलतं. एकच उचललं, दुसरा अंगाशी सरळ लोंबत राहिला, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला, तर डॉक्टरांना दाखवायचं. टेबलाखालून गुपचूप पैसे घेणाऱ्याचा हात जसा मागे वळतो ना, डॉक्टरांच्या पुस्तकात याला तसलंच नाव आहे. कधी कॉलरबोन मोडल्यामुळेही बाळ हात हलवत नाही, म्हणून तपासणी हवीच. न्हाऊ घालताना त्या हाताला हिसके द्यायचे नाहीत, हाताला धरून बाळ उचलायचं नाही. फिजिओथेरपिस्ट दाखवतील तसा हलक्या हातानं सांधा फिरवायचा, म्हणजे तो आखडत नाही. बहुतेक बाळांचा हात काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येतो. पण तीन महिने झाले आणि बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेत नसेल, तर थांबायचं नाही. मोठ्या रुग्णालयात नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायचं. होईल हळूहळू, असं म्हणण्यात वर्ष गेलं की संधी निसटते.

मोठ्यांमध्ये हीच इजा करते ती मोटारसायकल. घसरून माणूस खांद्यावर आपटतो, डोकं एकीकडे आणि खांदा एकीकडे फेकला जातो, आणि विल्हेल्मसारख्याच मानेतल्या नसा तुटतात. अपघातानंतर प्लास्टर, टाके सगळं होतं, आणि हात हलत नाही तो सुजेमुळे असेल म्हणून घरचे वाट बघत बसतात. तुटलेली नस सांधल्यावर दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते. मानेपासून दंडापर्यंत पोचायलाच तिला महिनोन्‌महिने लागतात. तोवर स्नायू जिवंत राहायला हवा. वर्ष-दीड वर्ष आज्ञा मिळाली नाही की तो कायमचा वाळतो, मग नस पोचूनही उपयोग नाही. म्हणून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायला लागतो.

डोर्नचा लाकूडतोड्या

९ नोव्हेंबर १९१८. जर्मनी हरत होती, शहरांत बंड पेटलं होतं. बर्लिनहून कैसरनं गादी सोडल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यानं स्वतः अजून होकारही दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सरहद्द ओलांडून हॉलंडमध्ये गेला. जिंकलेल्या देशांना त्याच्यावर खटला चालवायचा होता. हॉलंडनं त्याला सोपवायला नकार दिला.

१९२० पासून तो डोर्न नावाच्या गावातल्या वाड्यात राहिला. १९२१ साली बायको गेली, पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं. सकाळी प्रार्थना, मग लाकूडफाटा. झाडं तोडायची, ओंडके करवतायचे, ढपल्या फोडायच्या. पाहुणे आले की त्यांना फोडलेल्या लाकडाचा तुकडा आठवण म्हणून द्यायचा. ज्यानं आयुष्यभर हात लपवला, तो म्हातारपणी सगळ्यांसमोर कुऱ्हाड-करवतीचं काम करत होता. उजव्या हाताच्या जोरावरच, पण करत होता. पिकलेली दाढी, साधा कोट. कोटाची डावी बाही मात्र तेव्हाही आखूडच शिवलेली.

१९४० मध्ये हिटलरचं सैन्य हॉलंडमध्ये घुसलं आणि त्याच्या दारावर जर्मन पहारा बसला. ४ जून १९४१ रोजी, ८२ व्या वर्षी, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो गेला. हिटलरला बर्लिनमध्ये मोठी अंत्ययात्रा काढायची होती. विल्हेल्मनं आधीच लिहून ठेवलं होतं, की जर्मनीत पुन्हा राजेशाही आल्याशिवाय आपला देह तिकडे न्यायचा नाही, आणि नाझींचं स्वस्तिक अंत्यविधीला नको. दुसरी इच्छा पाळली गेली नाही. पहिली पाळली गेली. डोर्नच्या बागेतल्या छोट्या समाधीघरात त्याची शवपेटी अजून आहे. वाड्याचं आता संग्रहालय झालंय.